भांडवली प्रस्ताव आणि उमेदवारी: 'हा आकडा आला कुठून?'

नवी_खातेवही (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

एका उत्पादन कंपनीच्या वित्त विभागात उमेदवारी करतेय, चौथा महिना चालू आहे. कॉर्पोरेट फायनान्स परीक्षेपुरतं शिकले होते आणि बऱ्यापैकी जमायचं. एनपीव्ही (पुढे येणाऱ्या रोकडीची आजची किंमत, वजा आजची गुंतवणूक), आयआरआर (ज्या दराला एनपीव्ही शून्य होतो तो), भांडवलाचा सरासरी खर्च, सगळी सूत्रं तोंडपाठ. तीन महिने व्हाउचर जुळवण्यात गेल्यावर मागच्या आठवड्यात पहिलं खरं काम हातात आलं. पॅकिंगचं जुनं यंत्र काढून नवं घ्यावं असा उत्पादन विभागाचा प्रस्ताव आहे, तो तपासायचा.

आकडे प्रमाणात देते, चलन-बिलन सोडा. नवं यंत्र १०००, ते आज द्यायचे. दरवर्षी बचत ३००, पाच वर्षं. पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा (डिस्काउंटचा) दर १२ टक्के. त्यांच्या कागदावर एनपीव्ही ८१, माझ्या शीटमध्ये ७३. का ते कळेना, पण दोन्ही शून्याच्या वर, म्हणून 'घ्यावे' असा शेरा मारून कागद मॅडमपुढे ठेवला.

मॅडमनी पान उलटलंसुद्धा नाही. ३०० वर बोट ठेवून विचारलं, "हा आकडा आला कुठून?"

मी म्हटलं, उत्पादनवाल्यांनी दिलाय.

"दिला कुणी ते कळलं. आला कुठून?"

आत गेल्यापासून पाच मिनिटांत मी परत माझ्या जागेवर. आता प्रश्न असा की हे शिकतात कसं? पुस्तकात ३०० हा आकडा उदाहरणातच दिलेला असतो. आणि ते ७३ आणि ८१ चं कोडंही कुणी सोडवलंत तर उपकार होतील.

शून्यवर्ष

कोडं सोपं आहे. तुम्ही एक्सेलच्या एनपीव्ही फंक्शनमध्ये सुरुवातीचे उणे १००० पण कंसात घातलेत. ते फंक्शन पहिला आकडा पहिल्या वर्षाच्या *शेवटी* आला असं धरतं, त्यामुळे आजचे १००० सुद्धा एक वर्ष डिस्काउंट झाले आणि अख्खं उत्तर १.१२ ने भागलं गेलं. ८१ भागिले १.१२ करून बघा, ७३ येतील. फंक्शनमध्ये फक्त पहिल्या वर्षापासूनचे आकडे द्यायचे आणि आजचे १००० बाहेरून वजा करायचे.

लाजू नका. माझा आयडी असा का आहे ते आता कळलं असेल.

आळशी_कासव

वाचतोय. मीही याच नावेत, फक्त महिना दुसरा.

जुना_मुनीम

धागा आवडला. तुमच्या मॅडम चांगल्या आहेत, त्यांना सोडू नका.

माझी उमेदवारी एक्सेल सगळ्या टेबलांवर पोचायच्या आधीची. तेव्हा वर्तमान मूल्याची छापील कोष्टकं असायची आणि बोट ठेवून गुणक शोधायचा. (हे काही आमच्या पिढीचं कौतुक नाही. सिमॉन स्टेविनने व्याजाची कोष्टकं १५८२ मध्ये छापली होती.) सांगायचा मुद्दा, गुणाकार हा या धंद्यातला कठीण भाग कधीच नव्हता.

कठीण भाग एका प्रश्नात आहे: हे यंत्र घेतलं नाही, तर काय होईल? तुमच्या कागदावर बहुधा 'आज' आणि 'नव्या यंत्रासह' अशी तुलना असेल. ती चुकीची आहे. 'यंत्राशिवायची पुढची पाच वर्षं' आणि 'यंत्रासह पुढची पाच वर्षं' अशा दोन गोष्टी लिहायच्या, आणि त्यांच्यातला रोखीचा फरक तेवढा प्रकल्पाचा. आज जसं आहे तसं पाच वर्षं कधीच राहत नाही, पण प्रस्तावात ते राहतं असं गृहीत धरलेलं असतं, कारण ते लिहायला सोपं.

तर आता करा काय? ३०० फोडा. त्यातल्या प्रत्येक तुकड्यापुढे लिहा, ही बचत झाली तर कुठल्या महिन्यात, कुणाला द्यायचा चेक लहान होईल? ज्या तुकड्यापुढे नाव लिहिता येत नाही तो बाजूला काढा. आणि हे टेबलावर बसून करू नका. यंत्रापाशी जा.

पाचवा_मजला

मुनीमजी, हे सगळं ऐकायला गोड आहे. मी आठ वर्षं हेच करतोय. वरच्या मंडळींनी यंत्र घ्यायचं ठरवलेलंच असतं, नंतर आकडे त्याला शिवून घेतात. १२ टक्क्यांत बसत नसेल तर बचत वाढते. दर १५ केलात तर बचत अजून वाढते. एनपीव्ही ऋण आलेला प्रस्ताव तुमच्यापर्यंत आलेला कधी पाहिलाय का? आमच्याकडे तरी ते वाटेतच मरतात किंवा सुधारून येतात.

ताई, सूत्र पाठ आहेत ना? मग उरलेलं राजकारण आहे, ते शिका.

जुना_मुनीम

@पाचवा_मजला, अर्धं खरं. आकडे शिवून आणतात म्हणूनच तर टाके तपासणारा माणूस ठेवतात. दर वाढवून फुगवटा निघत नाही हेही बरोबर, त्याने प्रामाणिक प्रस्ताव मरतो आणि थापाड्या पास होतो. फुगवटा जिथे भरलाय तिथेच टाचणी लावावी लागते.

नवी_खातेवही

सगळ्यांचे आभार. काल ३०० फोडले. उत्पादनच्या प्लॅनरपाशी तासभर बसले. सुरुवातीला ते जरा वैतागले, मग स्वतःच कागद काढून दिला.

कमी वाया जाणारं पॅकिंग साहित्य १४०. ओव्हरटाइम १००. आणि 'जागेची बचत' ६०.

या ६० वर अडकले. नवं यंत्र लहान आहे, त्यामुळे शेडच्या भाड्यातला पॅकिंग विभागाचा वाटा कमी होतो. हिशेब विभाग भाडं चौरस फुटांवर वाटतो, त्या तक्त्याप्रमाणे ६० अगदी बरोबर. पण मुनीमकाकांचा चेकचा प्रश्न लावला आणि घोळ दिसला. शेडचं भाडं आहे तेवढंच जाणार आहे! पॅकिंगचा वाटा ६० ने कमी झाला की तेच ६० शेजारच्या विभागाच्या माथी पडतात. कंपनीच्या बाहेर जाणारी रोकड तीच.

मग ३०० चे २४० झाले, आणि एनपीव्ही ८१ वरून उणे १३५. शीटमध्ये लाल आकडा बघून दोन मिनिटं गप्प बसले होते.

तिरकस

थांबा. ६० सरसकट शून्य करू नका. मोकळ्या झालेल्या जागेचं काय करणार आहेत ते विचारलंत का? समजा पुढच्या वर्षी कंपनी बाहेर गोदाम भाड्याने घेणार होती आणि आता माल त्या कोपऱ्यात मावला, तर ती बचत खरी. कोपऱ्यात मोडक्या खुर्च्या रचणार असतील तर शून्य. उलटंही लक्षात ठेवा: एखादा प्रकल्प कंपनीची 'आधीच असलेली' जागा 'फुकट' वापरतोय म्हणतो, तेव्हा ती जागा दुसऱ्या कुणाला देता आली असती तर ती फुकट नाही.

वाटून आलेला खर्च आणि हुकलेली संधी, दोन्ही पाहुणे एकाच दारातून येतात. ओळखायला तोच प्रश्न: बाहेर जाणारी किंवा आत येणारी रोकड बदलते का?

नवी_खातेवही

विचारलं. खुर्च्या.

पाना_पकड

मी देखभालीतला माणूस, फायनान्सचं ओ की ठो कळत नाही. मुलाने लिंक पाठवली म्हणून आलो. पण यंत्र बदलायचे प्रस्ताव गेली वीस वर्षं बघतोय, म्हणून चार गोष्टी विचारतो.

जुनं यंत्र विकणार ना? त्याला गिऱ्हाईक असतं. स्क्रॅपच्या भावात नाही, चालू यंत्र म्हणून. ते पैसे कागदावर आहेत का?

नव्या यंत्राचे सुटे भाग वेगळे असणार. पहिल्याच दिवशी स्टोअरला बेल्ट, सेन्सर, सीलिंग जॉ, एखादं ड्राइव्ह घेऊन ठेवावं लागतं. ते आम्ही मागतो तेव्हा तुमचाच विभाग म्हणतो, प्रस्तावात नव्हतं.

आणि मुख्य म्हणजे, जुन्याचं मोठं ओव्हरहॉल कधी यायचंय? बेअरिंगं, गिअरबॉक्स, कंट्रोल पॅनेल. नवं घेतलं तर ते करावं लागणार नाही. हे उत्पादनवाले कधी लिहीत नाहीत कारण तो खर्च त्यांच्या नावावर पडतच नाही, आमच्या नावावर पडतो.

जुना_मुनीम

@पाना_पकड, 'फायनान्स कळत नाही' म्हणता आणि अख्खा धडा चार ओळींत सांगून गेलात. दंडवत घ्या.

नवी_खातेवही

पाना_पकड काका, तुमचा प्रतिसाद छापून टेबलावर लावलाय.

आकडे गोळा केले. जुन्या यंत्राचे आज १२० येतील, नवं यंत्र विकणाऱ्याचीच लेखी ऑफर आहे. तो कागद खरेदी विभागात पडून होता, कुणी मागितला नव्हता. सुट्या भागांचा साठा ५०, पाचव्या वर्षी मोडता येईल असं धरलं. पैसे परत येतात, पण पाच वर्षांनी, म्हणजे आजच्या हिशेबात २८ च. ओव्हरहॉल दोन वर्षांनी, अंदाजे १५०.

उणे १३५, त्यात १२० मिळवले की उणे १५. साठ्याचे २२ गेले, उणे ३६. टळलेल्या ओव्हरहॉलचं आजचं मूल्य १२०, म्हणजे अधिक ८३.

गंमत म्हणजे मी जिथून निघाले त्या ८१ च्या जवळच परत आले. आता ८३ वर शेरा मारू का?

तिरकस

'गंमत' नव्हे, योगायोग. आधीचे ८१ तरीही चूकच होते.

आळशी_कासव

मध्येच एक बाळबोध प्रश्न. आमच्याकडे असंच एक यंत्र बँकेच्या कर्जावर घेताहेत, व्याज ९ टक्के. मग ९ ने डिस्काउंट का नाही करायचं? पैसे तर ९ नेच मिळाले!

शून्यवर्ष

बाळबोध नाही, हा प्रश्न मुलाखतीत विचारतात.

बँकेने ९ ने दिले ते यंत्राकडे बघून नाही, अख्ख्या कंपनीकडे बघून. भागधारकांचे पैसे खाली उशीसारखे आहेत, तोटा झाला तर आधी ते जातात, म्हणून बँक ९ वर खूश असते. कर्ज काढलंत की ती उशी तेवढी वापरली जाते आणि पुढचं कर्ज महागतं. यंत्राचा खरा दर यंत्राच्या जोखमीवरून ठरतो. मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थतज्ज्ञांनी १९५८ मध्ये मांडलं ते साधारण हेच: कर, दिवाळखोरीचा खर्च वगैरे बाजूला ठेवले, तर पैसा कर्जाचा की भागभांडवलाचा यावरून कंपनीचं एकूण मूल्य बदलत नाही. प्रत्यक्षात ते खर्च असतात, त्यामुळे फरक पडतो, पण 'कर्ज स्वस्त म्हणून प्रकल्प चांगला' हा तर्क तिथेच संपतो.

आणि हो, १२ ने डिस्काउंट करताना रोखप्रवाहातून व्याज वजा करायचं नाही. ते १२ मध्ये आलेलं आहे. दोनदा कापलं जातं. मी हे प्रत्यक्ष घडताना पाहिलंय, आणि कापणारा उमेदवार नव्हता, चांगला अनुभवी माणूस होता.

भांडवलदास

एवढी चर्चा झाली, आयआरआरचं नाव कुणी काढलं नाही. संचालकांना एनपीव्ही ८३ म्हटलं तर काय कळणार? टक्क्यांत सांगा, चटकन समजतं. १२ लागतात, १५ मिळतात, विषय संपला.

तिरकस

विषय तिथे सुरू होतो. १० घालून वर्षभराने १५ मिळाले, आयआरआर ५० टक्के. १०० घालून १२५ मिळाले, आयआरआर २५ टक्के. दोन्हींपैकी एकच करता येणार असेल तर टक्क्यांवर भाळलेला माणूस पहिलं घेतो. १२ टक्क्यांनी एनपीव्ही काढा: पहिल्याचा ३.४, दुसऱ्याचा ११.६. पगार टक्क्यांत देता येत नाही, भांडवलदास.

भांडवलदास

पुस्तकी उदाहरण. खऱ्या आयुष्यात उरलेले ९० कुठेतरी लावतातच.

तिरकस

लावतात, साधारण १२ टक्क्यांनी. त्यावर एनपीव्ही शून्य. ३.४ चे ३.४ च राहतात.

आता पुस्तकी नसलेलं उदाहरण. खाण घ्या. आज १०० घाला, वर्षभराने २३० मिळवा, दुसऱ्या वर्षी जमीन पूर्ववत करायला १३२ खर्च करा. याचा आयआरआर काढा बघू. १० टक्केही बरोबर आणि २० टक्केही बरोबर. एक्सेल तुम्हाला एकच सांगेल, कारण तो १० टक्क्यांपासून शोधायला सुरुवात करतो आणि पहिलं सापडलं की थांबतो. शेवटी मोठा खर्च येणाऱ्या कुठल्याही प्रकल्पात ही भानगड उभी राहू शकते.

जुना_मुनीम

भांडू नका रे. ग्रॅहॅम आणि हार्वी यांनी २००१ मध्ये ३९२ वित्तप्रमुखांची पाहणी छापली. सुमारे तीन चतुर्थांश लोक म्हणाले, एनपीव्ही जवळजवळ नेहमी वापरतो, आणि आयआरआर वापरणारेही तेवढेच. म्हणजे शहाणी माणसं दोन्ही काढतात. 'पैसे किती वर्षांत परत येतात' हेही निम्म्याहून जास्त जण बघत होते, आणि पुस्तकं तर त्या पद्धतीला नावं ठेवतात.

खातेवहीताई, तुम्ही निर्णय एनपीव्हीवर घ्या, आयआरआर सोबत लिहा, दोघांचं पटत नसेल तर का ते एका ओळीत सांगा. एवढंच.

हिशेबनीस

सगळा धागा वाचला. कर कुठाय? १२ टक्के हा दर करोत्तर (कर गेल्यानंतरचा) असेल (बहुतेक असतोच, व्याजाची करवजावट धरूनच तो काढतात), तर रोखप्रवाहही करोत्तर हवेत. दर एका भाषेत आणि रोकड दुसऱ्या भाषेत, असं चालणार नाही.

कर २५ टक्के धरून सांगतो. २४० बचतीतले १८० हातात राहतात. घसारा (यंत्राची किंमत वर्षावर्षाला खर्च म्हणून उतरवणं) ही रोकड नाही, पण त्याने कर वाचतो. १००० चा सरळरेषेत पाच वर्षांत घसारा म्हणजे वर्षाला २००, त्याने वाचलेला कर ५०. जुन्या यंत्राची पुस्तकी (घसारा जाऊन हिशेबात उरलेली) किंमत शून्य झाली असेल तर विक्रीच्या १२० वरही कर लागेल, उरले ९०. ओव्हरहॉलचा खर्च वजावटीला पात्र असता, म्हणून त्याची खरी किंमत १५० नव्हे, ११२.५.

हे सगळं १२ ने डिस्काउंट करून माझ्याकडे उणे १३ येतात. तपासून बघा. प्रत्येक ठिकाणी करनियम वेगळे असतात, घसाऱ्याचा वेग वेगळा असतो, तेव्हा आकडा आपापल्या करवाल्या माणसाकडून पक्का करावा. पण कर टाळून मात्र चालत नाही.

नवी_खातेवही

तपासलं. उणे १३ च. आता रडू येतंय.

शून्यवर्ष

रडू नका, मी अजून बिघडवतो. किंवा सुधारतो, काय ते ठरवा.

२४० पाचही वर्षं सपाट का? १२ टक्क्यांच्या दरात महागाईची अपेक्षा मुरलेली आहे. ओव्हरटाइमचा दर आणि साहित्याचे भाव मात्र तुम्ही पाच वर्षं गोठवलेत. महागाईसकट दर लावायचा तर महागाईसकट रोकड हवी. ३ टक्के वाढ धरा (घसाऱ्याला नाही! तो मूळ किमतीवरच राहतो). बचतीचं मूल्य सुमारे ३६ ने वाढतं. उणे १३ चे अधिक २३.

पाचवा_मजला

बघा, मी काय म्हणत होतो? ८१, उणे १३५, उणे १५, उणे ३६, अधिक ८३, उणे १३, अधिक २३. चिन्ह चार वेळा फिरलं. हवं तिथे थांबायचं आणि शेरा मारायचा. हेच ते शिवणकाम.

जुना_मुनीम

@पाचवा_मजला, यावेळी मुद्दा वजनदार आहे, तो उडवून लावणार नाही. पण एक फरक बघा. शिवणारा माणूस आवडता आकडा आला की थांबतो. ही मुलगी ८१ वर, ८३ वर, दोन्हीकडे थांबू शकत होती.

आणि ताई, २३ हा आकडा घेऊन आत जाऊ नका. १००० च्या खरेदीवर २३ म्हणजे काहीच नाही, तो शून्याभोवतीचा गोंगाट आहे. उलट्या बाजूने जा: शून्य व्हायला काय पुरेल? बचत २४० ऐवजी २३२ भरली तर २३ चे शून्य होतात, माझं गणित चुकत नसेल तर. आणि ओव्हरहॉल मुळात लागलंच नाही तर? तेव्हा २३ मधून ९० गेले, उणे ६७. म्हणजे तुमचा सगळा प्रस्ताव दोन खुंट्यांवर टांगलाय. कुठल्या दोन ते मॅडमना सांगा.

तिरकस

अवांतर, पण राहवत नाही: पाच वर्षांच्या यंत्रावर तुमचं नशीब चांगलं आहे. कधी कंपनी विकत घ्यायच्या मॉडेलवर काम मिळालं तर शेवटच्या ओळीत 'त्यानंतर कायम ३ टक्के वाढ' असं असतं. दर १० आणि पुढच्या वर्षीची रोकड १००, तर त्या एका ओळीची किंमत १४२९. कुणीतरी गुपचूप ३ चे ५ केले की २०००. दोन टक्क्यांनी चाळीस टक्के मूल्य वाढलं, आणि सगळ्यांचं लक्ष पहिल्या वर्षाच्या विक्रीवर. अशा मॉडेलची तपासणी मी खालून वर करतो.

पाना_पकड

ओव्हरहॉलबद्दल माझ्यामुळे घोळ झाला असेल तर सांगतो. 'दोन वर्षांनी' हे कुणी सांगितलं? फोरमनला तोंडी विचारलंत की रजिस्टर बघितलंत? तोंडी विचारलं तर प्रत्येक जण नवं यंत्र यावं म्हणून दोनच वर्षं सांगणार. मीसुद्धा सांगितली असती. व्हायब्रेशनच्या नोंदी असतात, तेलाची तपासणी असते, त्या मागा.

हिशेबनीस

+१. अंदाज देणाऱ्याला त्या अंदाजातून काय मिळणार आहे हे मनात टिपून ठेवायचं, तोंडावर बोलायचं नाही.

यात दर वेळी लबाडी असतेच असं नाही, बरं का. काहनमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याला 'प्लॅनिंग फॅलसी' (नियोजनाचा भ्रम) असं नाव दिलं: माणूस आपल्या कामाचा अंदाज त्या कामाच्या आतून करतो, तशीच आधीची कामं किती लांबली ते बघतच नाही. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता, शेवटी १० कोटी २० लाख लागले. १९६३ ला व्हायचं ते १९७३ ला उघडलं. त्यावर उपाय कंटाळवाणा आहे: कपाटातले जुने मंजूर प्रस्ताव काढा आणि यंत्र आल्यावर खरंच काय झालं ते शोधा. कुणी करत नाही, कारण मंजुरीनंतर कागदात कुणाला रस नसतो. माझ्या उमेदवारीत साहेबांनी मला शिक्षा म्हणून हे काम दिलं होतं. धुळीने शिंका येत होत्या, पण कुठला विभाग किती फुगवतो ते महिनाभरात कळलं.

आळशी_कासव

आमच्याकडे म्हणतात, सल्लागारावर आधीच एवढा खर्च झालाय, आता मागे कसं फिरायचं?

तिरकस

गेलेला पैसा दोन्ही गोष्टींत सारखाच गेलेला आहे, फरकात तो उरत नाही. इरिडियमची गोष्ट वाचा. ६६ उपग्रहांचा फोन, सुमारे ५ अब्ज डॉलर ओतले, १९९८ च्या शेवटी सेवा सुरू, ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरी. पुढे सगळी मालमत्ता अडीच कोटी डॉलरला गेली, आणि नव्या मालकांनी तीच सेवा चालवून दाखवली. उपग्रह तेच. ५ अब्ज घालायचा निर्णय आणि अडीच कोटी घालायचा निर्णय, हे दोन वेगळे प्रश्न होते. सल्लागाराला दिलेले विसरा, *इथून पुढे* किती घालायचे आणि किती येणार तेवढं मांडा.

शून्यवर्ष

ताई, आत जायच्या आधी शीट दुसऱ्या कुणाला तरी उघडायला द्या. २०१२ मध्ये जेपी मॉर्गन बँकेला 'लंडन व्हेल' नावाने गाजलेल्या सौद्यांच्या प्रकरणात ६ अब्ज डॉलरहून जास्त फटका बसला. त्यांच्या स्वतःच्याच अहवालात निघालं की जोखीम मोजणाऱ्या शीटमध्ये एका ठिकाणी सरासरीऐवजी बेरजेने भागलं होतं. तोटा त्यामुळे झाला नाही, पण जोखीम आहे त्यापेक्षा कमी दिसत राहिली. सूत्रात हाताने घुसडलेला आकडा तर सर्वात वाईट. प्रत्येक गृहीतक वेगळ्या रकान्यात, शेजारी ते कुणी, कधी सांगितलं तेही.

नवी_खातेवही

उशिरा अपडेट देतेय, माफ करा.

रजिस्टर मागितलं. फोरमननी आधी 'मिळत नाही' सांगितलं, मग मीच स्टोअरच्या मागच्या रॅकवर शोधलं. गिअरबॉक्सच्या व्हायब्रेशनच्या नोंदी दर महिन्याच्या आहेत. वर्षभर जवळजवळ सपाट, शेवटच्या तीन महिन्यांत चढत्या. म्हणजे ओव्हरहॉल येणार हे खरं दिसतंय, पण दोन वर्षंच का, याला आधार नाही. माझ्या शीटवर आता तिसऱ्या वर्षाचाही रकाना आहे. तिथे २३ चे १३ होतात.

ओव्हरटाइमच्या १०० पैकी थोडा भाग हंगामातल्या गर्दीचा निघाला. तो यंत्राने कमी होणार की नाही यावर प्लॅनर आणि सुपरवायझर यांचं एकमेकांशीच पटेना. तेही जसंच्या तसं लिहिलं.

मग एक पान घेऊन आत गेले. वर कुठलाच शेरा नाही. 'सध्याच्या माहितीप्रमाणे शून्याच्या आसपास. निकाल दोन गोष्टींवर: ओव्हरहॉल कधी, आणि ओव्हरटाइमचे १०० खरोखर वाचणार का.' खाली प्रत्येक आकड्यापुढे नाव आणि तारीख.

मॅडमनी यावेळी पान उलटलं. मागची शीट बघितली, ६० वर मी मारलेली काट बघून थोडं हसल्या. मग विचारलं, "सहा महिने थांबलो तर?"

मी म्हटलं, बचत तेवढी हुकेल, जुन्या यंत्राचे १२० पण थोडे उतरतील, पण व्हायब्रेशनच्या अजून सहा नोंदी हातात येतील.

"उतरतील म्हणजे किती?"

तेवढं माझ्याकडे नव्हतं. मुद्दा असा की यावेळी पाच नाही, चाळीस मिनिटं आत होते.

जुना_मुनीम

थांबण्याला किंमत असते, आणि ती मोजता येते. स्ट्युअर्ट मायर्स यांनी १९७७ मध्ये त्याला 'रिअल ऑप्शन' म्हटलं. त्याचं गणित तुम्हाला आत्ता लागणार नाही. विक्रेत्याला फोन लावा आणि विचारा, हीच ऑफर सहा महिने धरून ठेवशील का, आणि त्याचे किती घेशील. तो सांगेल तो आकडा बाजारातून आलेला असेल.

पाना_पकड

आणि स्टोअरवाल्याला सांगा, रजिस्टर मागच्या रॅकवर ठेवू नकोस.

आळशी_कासव

वाखूसा (वाचनखूण साठवली). उद्या मीही एक ३०० फोडायला घेतोय, आमच्याकडे तो ४५० आहे.

नवी_खातेवही

@जुना_मुनीम, विक्रेत्याला फोन केला. म्हणाला विचार करून सोमवारी सांगतो. सोमवारी इथेच लिहीन.